लॅब्राडोरचं पिल्लू घ्यायचंय : ब्रीडर प्रामाणिक आहे हे कशावरून ओळखायचं?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला राहतो. घरात आम्ही दोघं, दोन मुलं (धाकटी सहावीत) आणि सासूबाई. खाली छोटं अंगण आहे. बरीच वर्षं घरात चर्चा चालू होती, शेवटी सगळ्यांच्या संमतीने लॅब्राडोर घ्यायचं ठरलंय. सकाळ-संध्याकाळ फिरवायला कोण नेणार, गावाला गेलो तर कोण सांभाळणार, हे सगळं बोलून झालंय. त्यामुळे "कुत्रं घ्यावं का" हा प्रश्न नाही.

प्रश्न आहे कुणाकडून घ्यावं. जाहिराती बघून डोकं चक्रावलंय. "हेवी बोन, पंच फेस, चॅम्पियन ब्लडलाइन", केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपरसहित एक भाव आणि पेपर नको असतील तर थेट निम्मा. एकाने तर "ताई, तुम्ही कुठे येता, मी हायवेवर टोलनाक्यापाशी पिल्लू आणून देतो" असं सांगितलं. फोटोत पिल्लू गोंडस आहे, पण त्याची आई कुठे आहे विचारलं की विषय बदलतात.

माझ्या पैशातून एखाद्या मादीचे हाल चालू राहू नयेत एवढंच मला हवंय. पण बाहेरून बघणाऱ्याला हे कळायचं कसं? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावं.

वाघ्याचा मामा
टोलनाकावाल्याला आजच नाही म्हणून सांगा. जो जागा दाखवत नाही त्याच्याशी पुढचं काहीच बोलायचं नाही. पिल्लू घरपोच, बसने, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, कसंही पाठवायला जो तयार असतो तो नव्वद टक्के वेळा दलाल असतो. पिल्लं कुठल्या तरी शेडवरून उचलून आणलेली असतात आणि आई कुठली हे त्यालाही माहीत नसतं.

पशुवैद्य सातारा
गोदाकाठची, तुम्ही प्रश्न योग्य वेळी विचारलाय. बहुतेक लोक पिल्लू टेबलावर ठेवून मग मला विचारतात, "डॉक्टर, चांगलं आहे ना?" जरा लांबण लागेल, पण लिहितो.

आधी कायदा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक (कुत्र्यांचे प्रजनन व विक्री) नियम २०१७ सालापासून लागू आहेत. त्यानुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि ते प्रमाणपत्र जागेवर दिसेल असं लावावं लागतं. मादी किमान १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिला नर दाखवायचा नाही. वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही, आणि वय आठ वर्षांच्या वर गेलं की बंद. पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकायचं नाही. कातडीखाली ओळख क्रमांकाची मायक्रोचिप हवी, लसीकरणाची नोंद हवी. शेपटी तोडणं, कान कापणं बंद. नोंदणी आहे का, हा प्रश्न सरळ विचारा. विचारायला संकोच वाटण्यासारखं त्यात काही नाही, तुमचा तो हक्क आहे.

पण कायदा म्हणजे खालची पायरी. एक उदाहरण देतो. कायदा १८ महिने म्हणतो. खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे काढून अमेरिकेतली ओएफए संस्था अंतिम दाखला देते तो कुत्रं २४ महिन्यांचं झाल्यावर. लॅब्राडोरमध्ये खुब्याचा आणि कोपराचा डिस्प्लेशिया, म्हणजे सांधा नीट न घडणं, हा नेहमी दिसणारा आजार. मग ज्याला खरोखर काळजी आहे तो कायद्याने परवानगी दिली म्हणून १८ व्या महिन्यात घाई करत नाही. एक्स-रे होईपर्यंत थांबतो, आणि सांधा सैल निघाला तर त्या मादीची नसबंदी करून तिला घरात ठेवतो. एवढा खर्च करून आणलेली मादी "हिची पिल्लं घ्यायची नाहीत" असं म्हणून बाजूला ठेवणारा माणूस सापडला की समजा तुमचं अर्धं काम झालं. म्हणून ब्रीडरला विचारा, "आजवर कुठली मादी किंवा नर तुम्ही प्रजननातून काढला, आणि का?" याचं उत्तर तयार करून ठेवता येत नाही.

लॅबमध्ये आणखी दोन गोष्टी. पीआरए म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होणं, आणि ईआयसी म्हणजे जोरात पळाल्यावर मागचे पाय लुळे पडून कोसळणं. दोन्ही आनुवंशिक, दोन्हींची डीएनए चाचणी होते. आई आणि बाप दोघेही वाहक (स्वतः आजारी नाहीत, पण सदोष जनुक पुढे देऊ शकतात) असतील तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. एक वाहक आणि दुसरा पूर्ण निर्दोष असेल तर एकही पिल्लू आजारी पडत नाही. त्यामुळे "आमची मादी वाहक आहे, म्हणून नर निर्दोष बघून निवडला" असं जर कुणी कागद दाखवून सांगितलं तर घाबरू नका, तो माणूस अभ्यासू आहे. "आमच्या कुत्र्यांत कधीच काही निघत नाही" म्हणणाऱ्यापेक्षा तो शंभर पटीने बरा.

केसीआयचा कागद म्हणजे आरोग्याचा दाखला नव्हे. चेन्नईची केनेल क्लब ऑफ इंडिया वंशावळ नोंदवते. ती महत्त्वाची आहेच, कारण त्यावरून आजी-आजोबा तेच ते तर नाहीत ना, हे कळतं. पण खुबा कसा आहे ते त्या कागदावर लिहिलेलं नसतं. आणि कागद खरा की खोटा हे बघायचं असेल तर बऱ्याच पशुवैद्यांकडे स्कॅनर असतो. चिपचा १५ आकडी क्रमांक स्कॅन करून कागदावरच्या क्रमांकाशी जुळवून घ्या.

"पेपर नको असेल तर स्वस्त" हे जे तुम्ही लिहिलंय ना, ते जवळजवळ नेहमी संशयास्पद असतं. वेताची नोंदणी झाली असेल तर सगळ्याच पिल्लांची होते. एकाच वेतातल्या निम्म्या पिल्लांना कागद आणि निम्म्यांना नाही, असं का, हे विचाराच.

निळाई
माझं मत वेगळं आहे आणि ते मांडल्याशिवाय राहवत नाही. मी पुण्यात एका निवाऱ्यात दर रविवारी जाते. तिथे लॅब येतात, हस्की येतात, सेंट बर्नार्ड येतात. वय झालं, अंगावर खरूज आली, मुलगा परदेशी गेला, बाळ झालं, बदली झाली. वेताला वापरून झालेल्या माद्या येतात, त्यांचे सड लोंबत असतात, पायाच्या गाद्या जाळीवर उभं राहून पसरलेल्या असतात. गवतावर सोडलं की पाय कसा टाकायचा हे त्यांना कळत नाही.

रस्त्यावर इतकी देशी पिल्लं गाडीखाली येत असताना मुद्दाम पिल्लं जन्माला घालून विकणारा माणूस नैतिक कसा? देशी कुत्रं या हवेत तयार झालेलं, काटक, हुशार. दत्तक घ्या, एवढंच माझं म्हणणं.

गोदाकाठची
निळाई, तुझं म्हणणं मनापासून पटतं. दत्तक घेण्याचा विचार आम्ही केला होता आणि अजूनही दार बंद केलेलं नाही. सासूबाईंना चालायला काठी लागते. स्वभावाचा, आकाराचा थोडा तरी अंदाज असलेलं कुत्रं हवं असं घरातल्यांचं म्हणणं आहे. पिल्लापेक्षा तीन-चार वर्षांची शांत लॅब निवाऱ्यात मिळत असेल तर ते आमच्यासाठी जास्त चांगलं नाही का? कुणाला माहीत असेल तर सांगा.

निळाई
मिळते. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव तर समोर दिसतो, पिल्लाच्या बाबतीत फक्त अंदाज असतो. निरोप केला आहे, बघ.

केतकी कोथरूड
मी ब्रीडर आहे. बीगल. निळाईचा राग मला समजतो, आणि तिने वर्णन केलंय त्या माद्या मीही पाहिल्यात. म्हणून माझी बाजू सांगते.

माझ्या घरात चार कुत्री आहेत, त्यातल्या दोघींचं वय झालंय आणि त्या सोफ्यावर झोपतात. वेत दरवर्षी होत नाही. वेत ठरवण्याआधी पिल्लं मागणाऱ्यांची यादी माझ्याकडे असते. तेवढी घरं नसतील तर मी ते वर्ष सोडून देते. मादी माजावर आली की प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी, नर चांगल्यातला चांगला शोधून त्यासाठी दुसऱ्या राज्यात प्रवास, सोनोग्राफी, शेवटी एक्स-रे म्हणजे पोटात नेमकी किती पिल्लं आहेत ते कळतं आणि एखादं आत अडकलं तर लक्षात येतं. व्यायल्यावर पहिले दोन आठवडे मी तिच्या शेजारी जमिनीवर झोपते, कारण आई अंगाखाली पिल्लू दाबते. रोज सकाळी वजन. ज्याचं वजन वाढत नाही त्याला आधी सडाला लावायचं.

तिसऱ्या आठवड्यापासून मिक्सरचा आवाज, कुकरची शिट्टी, लहान मुलं, छत्री उघडणं, फरशी, माती, गवत, सगळ्याची ओळख. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात कुत्र्याच्या मनात जग बसतं. शेडमध्ये जन्मलेलं पिल्लू घरी आलं की प्रेशर कुकरला घाबरून पलंगाखाली जातं ते याच कारणाने. लोकांना वाटतं स्वभावच भित्रा आहे.

आणि सगळ्यात मुख्य अट. माझ्याकडून गेलेलं कुत्रं काहीही कारण असो, कितीही वर्षांनी असो, माझ्याकडेच परत यायचं. करारात लिहिलेलं असतं. दहा वर्षांचं, साखरेचा आजार असलेलं एक बीगल मालक वारल्यावर माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच गेलं. निळाई, माझं एकही कुत्रं तुझ्या निवाऱ्यात येऊ नये ही जबाबदारी मी घेतली आहे. ज्याला ही जबाबदारी नको त्याने वेत घेऊ नये, याबाबत आपलं दोघींचं एकमत आहे असं मला वाटतं.

गोदाकाठची, ब्रीडरला तुम्ही जेवढे प्रश्न विचाराल त्यापेक्षा जास्त त्याने तुम्हाला विचारायला हवेत. मी विचारते : दिवसा घरी कोण असतं, भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी आहे का, आधीचं कुत्रं कशाने गेलं, व्हेट कोण. काहींना राग येतो. ज्यांना येतो त्यांना मी पिल्लू देत नाही.

निळाई
केतकी, परत घेण्याची अट सगळ्यांनी पाळली तर माझं रविवारचं निम्मं काम कमी होईल. पाळणारे फार थोडे आहेत म्हणून चिडचिड होते. तुझ्याबद्दल राग नाही.

रेडिंगकर
इंग्लंडमधून लिहितोय. इथे ६ एप्रिल २०२० पासून "ल्यूसीज लॉ" लागू झाला. ल्यूसी ही कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची मादी, २०१३ साली वेल्समधल्या एका पपी फार्मवरून सोडवलेली. सतत वेतं घेऊन तिचं शरीर पार मोडलं होतं. तिच्या नावाने मोहीम उभी राहिली. आता सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानदार किंवा दलाल विकू शकत नाही. जिथे जन्मलं तिथेच, आईसोबत दाखवून ब्रीडरनेच विकायचं. वर्षात तीन किंवा जास्त वेतं असतील तर स्थानिक परिषदेचा परवानाही लागतो.

तरी फसवणूक होतेच. भाड्याचं घर घेतात, दिवाणखान्यात भलतीच मादी आणून बसवतात आणि हीच आई म्हणून सांगतात. म्हणून इथे आम्हाला सांगतात की नुसती आई "बघू" नका. पिल्लं तिला लुचतात का, तिचे सड भरलेले दिसतात का, पिल्लं जवळ आल्यावर ती चाटते की उठून जाते, ते बघा. ही तपासणी नाशिकमध्येही करता येईल.

पशुवैद्य सातारा
रेडिंगकरांच्या मुद्द्याला जोडून, जागेवर गेल्यावर आणखी काय बघायचं ते सांगतो.

एक, पिल्लाचं तोंड उघडून बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला साधारणपणे दुधाचे सगळे २८ दात आलेले असतात. पुढचे सुईसारखे दात आहेत पण मागे हिरडी नुसतीच गुळगुळीत लागतेय, तर ते पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं आहे, विकणारा काहीही सांगो. लवकर तोडलेलं पिल्लू आकाराने लहान आणि गोंडस दिसतं म्हणून पटकन विकलं जातं, खरं कारण हेच.

दुसरं, लसीचं कार्ड. खऱ्या कार्डावर लसीच्या बाटलीवरून काढलेलं स्टिकर असतं, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. शेजारी तारीख, डॉक्टरची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. सगळ्या तारखा एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसत असतील, स्टिकर नसेल, शिक्का पुसट असेल, तर त्या डॉक्टरला तिथूनच फोन लावा. "दोन्ही डोस झालेत, आता काही लागत नाही" हे सहा आठवड्यांच्या पिल्लाबद्दल कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला आड येते, म्हणून डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावे लागतात. रेबीजची लस तर तीन महिन्यांच्या आसपास.

वास घ्या. फिनेलचा भपकारा येत असेल तर तुमच्यासाठी नुकतंच धुतलंय. जुलाबाचा कुबट वास वेगळाच असतो. पार्व्होची (पिल्लांना होणारा जुलाब-उलट्यांचा विषाणूजन्य आजार) लागण झाल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस जातात, त्यामुळे उड्या मारणारं पिल्लू घरी नेऊन आठवड्यात सलाइनवर येतं. दुसऱ्या ठिकाणची पिल्लं बघून आला असाल तर हात-पाय धुऊन, चपला बदलून मग इथे जा. चांगला ब्रीडर स्वतःच तुम्हाला चपला बाहेर काढायला सांगेल.

सायली डोंबिवली
विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या सोसायटीत एक लॅब मादी आहे. मालक म्हणतात, "एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत, नाहीतर तिला आजार होतात." त्यांनी दुसऱ्या विंगमधला नर ठरवलाय, नरवाल्याला पहिलं पिल्लू द्यायचं आणि बाकीची ओळखीत विकायची. माणसं प्रेमळ आहेत, मादीला घरात मुलीसारखं ठेवतात. हे चालेल का?

पशुवैद्य सातारा
एकदा व्यायल्याने मादीचं आरोग्य सुधारतं याला काही आधार नाही. उलट नसबंदी न झालेल्या मादीला पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो आणि तो एकदा व्यायल्याने टळत नाही. प्रेमळ असणं आणि ब्रीडिंगची तयारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही कुत्र्यांचे खुबे कुणी तपासलेत? पिल्लं झाली आठ, ओळखीत घरं मिळाली तीन, तर उरलेली कुठे जाणार? तीच पुढे दलालाकडे जातात. शिवाय पिल्लं विकायची तर नोंदणीचा नियम त्यांनाही लागू होतो, घरात एकच मादी आहे म्हणून सुटका नाही. त्यांना माझा निरोप सांगा.

माणदेशी
तुमची चर्चा लॅबची हाय, पण आमच्या कारवानी कुत्र्यावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या घरी आजोबांपासून कारवानी. मेंढपाळाच्या वाड्यावर, मळ्यात राखणीला. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, इंग्लंडच्या राजाला जोडी दिली, तिथून "मुधोळ हाउंड" हे नाव पडलं. २००५ साली पोस्टाने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे.

आमच्याकडे कागद नसतो. पण कुठल्या मादीची पिल्लं, तिची आई कुणाच्या वाड्यावरची, हे चार गावांतल्या माणसांना तोंडपाठ असतं. रोगट कुत्रं, चावरं कुत्रं याचं वेत कुणी घेत नाही, कारण ते कळपात राहायचं असतं. पिल्लू ओळखीच्यालाच देतात आणि सणासुदीला गेलं की पहिलं कुत्र्याचंच विचारतात.

अलीकडं मात्र शर्यतीच्या नादानं ग्रेहाउंडचा क्रॉस फार झाला. उंच, चपळ पिल्लं निघतात, पैसा येतो. मूळ जात मात्र पातळ होत चाललीय. सशामागं सोडणारे पण हायत, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद हाय. त्या माणसाकडनं पिल्लू घेऊ नये असं माझं ठाम मत. आणि शहरात फ्लॅटमध्ये कारवानी नेणाऱ्याला मी पिल्लू देत नाही. त्याला पळायला रान लागतं.

केतकी कोथरूड
माणदेशी, कागदाशिवाय चालणारी ही चोख पद्धत वाचून बरं वाटलं. मात्र ती गावात सगळे सगळ्यांना ओळखतात म्हणून चालते. गोदाकाठच्या ताईंना समोरचा माणूस अनोळखी आहे, म्हणून त्यांना कागद लागणारच.

वाघ्याचा मामा
सहमत. आणि "टीकप", "सिल्व्हर लॅब", "दुर्मिळ रंग" असलं काही दिसलं की पुढे सरका. रंगासाठी वेत लावणारा खुबा बघत नाही.

गोदाकाठची
सगळ्यांचे खूप आभार. तुम्ही सांगितलेले प्रश्न घेऊन मी चार ठिकाणी फोन केले, ते इथे लिहून ठेवते म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

पहिल्याने एक्स-रे म्हटल्यावर "मॅडम, तुम्हाला कुत्रा पाहिजे का म्हैस" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याकडे लॅब, पग, शिह त्झू, रॉटवायलर, गोल्डन, सगळ्यांची पिल्लं एकाच वेळी "तयार" होती. आईचा व्हिडिओ पाठवतो म्हणाले, प्रत्यक्ष नाही.

तिसऱ्या बाई नगर रस्त्याला राहतात. त्यांच्याकडे आत्ता पिल्लू नाही. पुढचं वेत कदाचित दिवाळीनंतर, तेही मादीच्या कोपराचा एक्स-रे बघून. त्यांनी मला भरपूर प्रश्न विचारले आणि सासूबाईंशी फोनवर बोलायचंय म्हणाल्या! बोलल्याही. "आजी, पहिलं वर्षभर ते पायात येईल, तुम्ही पडाल, चालेल का?" सासूबाई म्हणाल्या, विचार करते. मग त्या बाईंनीच सुचवलं की त्यांच्याकडची पाच वर्षांची मादी आता निवृत्त झाली आहे, नसबंदी झाली आहे, शांत आहे. चांगलं घर मिळालं तर त्या तिला द्यायला तयार आहेत. आधी येऊन भेटा, मग दोनदा परत या, मग ठरवू असं म्हणाल्या. येत्या शनिवारी सगळे जातोय.

चौथ्या ठिकाणी नोंदणी प्रमाणपत्र पाठवलं, पण त्यावरची मुदत संपलेली होती. विचारल्यावर "करतोय नूतनीकरण" म्हणाले.

डॉक्टर, पाच वर्षांची मादी घेताना काय तपासून घ्यावं?

पशुवैद्य सातारा
फार छान पर्याय आहे. रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्या : यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड. गोचिडातून होणाऱ्या तापाची, म्हणजे एर्लिचिया-बबेशियाची चाचणी आपल्या भागात आवश्यकच. सड दाबून गाठ आहे का बघायला सांगा. नसबंदीचा कागद मागा. सहा महिन्यांपेक्षा मोठं कुत्रं नसबंदी केल्याशिवाय विकता येत नाही असा नियमच आहे, दुसऱ्या नोंदणीकृत ब्रीडरला दिलं तर गोष्ट वेगळी. चिपच्या नोंदीत मालक म्हणून तुमचं नाव चढवून घ्या आणि हस्तांतराच्या अर्जावर बाईंची सही घ्यायला विसरू नका. आजींना नक्की घेऊन जा, मादीला त्यांच्या काठीशेजारून चालवून बघा. पट्टा ओढते का ते तिथेच कळेल.

केतकी कोथरूड
करारात दोन गोष्टी लिहून घ्या : नाही जमलं तर त्या परत घेतील, आणि तिचे जुने एक्स-रे तुम्हाला मिळतील. तिला आवडणारी चादर मागून आणा, पहिल्या रात्री उपयोगी पडते. आठवडाभर तेच खाणं ठेवा जे ती तिथे खायची, बदल नंतर हळूहळू करा.

निळाई
गोदाकाठची, शनिवारी काय ठरलं ते इथेच लिही. नाही जमलं तर निवाऱ्यातली ती शांत लॅब अजून आहे, तिच्याबद्दल निरोप पाठवला आहे.